कोंबरीला किती गुण?

सतरा वर्षं मी डोंबिवलीत बालवाडी चालवतेय, आणि बेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की मला मुलं बघताच येत नाहीत. ठाण्याला बालशिक्षणातल्या संशोधनाचा अभ्यासक्रम करतेय, तिथले सर भर वर्गात म्हणाले, "तुम्ही मुलांवर प्रेम करता, मॅडम. निरीक्षण ही वेगळी गोष्ट आहे." वर्ग हसला. त्याच संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं की दोन दिवस टिटवाळ्याच्या अंगणवाडीत बसणार, तिसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन सरांसमोर कागद ठेवणार. तुम्हीही बालवाडीवाल्या असाल आणि असं काही मनात असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

जायला सोपं आहे. सकाळची कसारा गाडी उलट दिशेची, त्यामुळे बसायला जागा मिळते. टिटवाळ्याला उतरल्यावर देवळाच्या रिक्षांच्या रांगेत उभं राहू नका. नदीपलीकडच्या पाड्यांना जाणारी रिक्षा पानटपरीपाशी लागते, वीस रुपये सीट, आणि चौथं माणूस येईपर्यंत ती हलत नाही. वाटेत नव्या इमारती लागतात, त्यांची नावं परदेशी आणि पाणी टँकरचं. त्या संपल्या की रस्ता अरुंद होतो, भाताची खाचरं येतात, आणि एका पत्र्याच्या शेडला पिवळा रंग दिसला की उतरायचं.

अंगणवाडीच्या सेविका सुनंदाताई त्याच पाड्यातल्या. मी अभ्यासक्रमाचा छापील फॉर्म काढला. दहा चित्रं दाखवायची, मूल काय म्हणतं ते ऐकायचं, 'अचूक' किंवा 'चूक' यावर खूण करायची. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या तर नावापुढे 'भाषाविकास मागे' असं लिहायचं. ती यादी अंगणवाडीत ठेवायची आणि जूनमध्ये ती पोरांच्या आधी पहिलीच्या बाईंकडे पोहोचते.

पहिली आली ईश्वरी, चार वर्षांची, एका पायात चप्पल. घोडा दाखवला तर म्हणाली, "घोरा." गाडीला गारी, झाडाला झार, शाळेला शाला, कोंबडीला कोंबरी. दहापैकी सात चुका. मी अजिबात प्रेम न करता सात खुणा केल्या आणि नावापुढे सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

चित्रं गोळा करताना ती माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. "तुझ्याकरं कोंबरी हाय?"

"नाही गं."

"आमची बसलीय. हात लावाचा नाय. पिसा फुलवली का समजाचा, आता टोचल."

मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्या खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. म्हणाल्या, "आगरी बोलते ती, मॅडम. आमच्याकडे कोंबडी कोण म्हणत नाय. कोंबडी टीव्हीत असते."

मला लाज वाटली. साधी नाही, कान गरम करणारी. मी पाटणकडची, घाटावरची. लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि बालवाडीच्या ट्रेनिंगला गेले, तेव्हा हजेरीला पहिल्याच दिवशी "व्हय" म्हणाले होते. मागच्या बाकांवर जो हशा पिकला, तो मी विसरलेली नाही. त्यानंतर 'व्हय' गिळला तो गिळलाच. जे माझ्या बाबतीत लोकांनी हसून केलं, ते मी चार वर्षांच्या पोरीला पेन्सिलीने करत होते.

दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन गेले. पट्टीने रेघा मारल्या आणि एक जास्तीचा रकाना आखला: 'घरी काय म्हणतात'. दोन तास नुसती ऐकत बसले. ईश्वरीला दहाच्या दहा चित्रं ओळखता येत होती, पहिल्या दिवशीही येत होती. मग ती मला घरी कोंबडी दाखवायला घेऊन गेली; ती खायला कधी उठते, पिल्लांना कशी बोलावते, हे वाटेतच सांगून झालं. मागच्या पडवीत, टोपलीत, बाईसाहेब अंड्यांवर. मी वाकले, पिसं फुलली, आणि मी शहाणी बाई हात पुढे करून बसले. हातावर जो ओरखडा आला त्याला मी माझं पहिलं निरीक्षण म्हणते.

"सांगितला ना तुला?" ईश्वरी म्हणाली. तिच्या आईने हसत हसत हळद लावली आणि तांदळाची भाकरी नि सुकट वाढली. टिटवाळ्यात पेढे सगळेच खातात, ही सुकट मिळाली तर सोडू नका. निघताना अंगणवाडीत नव्या यादीची एक प्रत सुनंदाताईंच्या हातात दिली, मूळ कागद सरांसाठी ठेवला. ईश्वरीच्या नावापुढे लिहिलं होतं: दहापैकी दहा. जुना फॉर्म त्यांच्याच चुलीत घातला.

तिसऱ्या दिवशी ठाणे. आमचं केंद्र घोडबंदर रोडला आहे. स्टेशनवरून बस मिळते, पण तासभर हातात ठेवून निघा. मी ठेवला नाही आणि उशिरा पोहोचले, म्हणजे हसायला वर्ग आयताच भरलेला.

सरांनी कागद पाहिला. "हा रकाना तुम्ही वाढवलात? नमुना बदलता येत नाही, मॅडम. शब्द प्रमाण नसेल तर तो चूक."

"सर, वर्गाला तीन प्रश्न विचारू?" ते काही बोलायच्या आत मी विचारले. कोंबडी चिडली हे आधी कशावरून ओळखायचं? अंड्यांवर बसलेली कोंबडी खायला कधी उठते? पिल्लांना बोलावताना आवाज कसा काढते? बावीस शिकलेली माणसं, एकही हात वर झाला नाही. "चार वर्षांच्या मुलीला तिन्ही येतात," मी म्हटलं. "आता आपल्या नावापुढे काय लिहू?"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही तो, फॉर्मवर त्याचा विश्वास आहे इतकंच. शांतपणे म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. पण रकाना काढा, शेरे भरा, मी सही करतो. नाहीतर हे सत्र तुम्हाला पुन्हा करावं लागेल."

"यादी मी कालच देऊन आलेय, सर. परत मागणार नाही."

कागद उचलला आणि बाहेर आले. मी फार शूर आहे असं समजू नका. सहा महिने वाया गेले होते. कोपऱ्यावर उभ्याने वडापाव खाल्ला आणि स्टेशनची बस धरली.

घरी आले. ओरखड्यावर खपली धरली होती. कागद कपाटात साड्यांखाली न ठेवता फ्रिजवर चुंबकाने लावला, जाता येता दिसावा म्हणून. महेशने, माझ्या नवऱ्याने, पाणी आणून दिलं.

"झाली सही?"

"नाही."

"म्हणजे सगळं पहिल्यापासून? परत तोच रकाना घेऊन जाणार?"

मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला.

"व्हय," मी म्हणाले.