क्रो, ऑस्ट्रेलिया आणि साडूंची सही

ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, त्या शेजारी शेजारी मांडून त्यांतून शहाणपण काढण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये नव्हता. मी जपून बोलणारा माणूस आहे. गोदामातल्या मालाची मोजदाद करण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे 'अख्ख्या' हा शब्द सहसा माझ्या तोंडून येत नाही. इथे तो बिनधास्त वापरतो. कारण इतर माणसं मुंबई-पुण्याची तुलना करतात, फार तर भात-पोळीची करतात. आमचे साडू दोन वर्षं तुलना करत होते ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहणाऱ्या क्रो जमातीची आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची. त्यांची घरं, नोकऱ्या, जमिनी, नातीगोती, दुकानं, मयतं, सगळ्याची. यांपैकी एकही मुलूख त्यांनी पाहिलेला नव्हता. बहारीनच्या पश्चिमेला ते एकदाच गेले होते, पूल ओलांडून सौदीत, एक एसी बसवायला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव मालवणच्या बाजूचं. जुफैरमधल्या उंच उंच इमारतींत एसी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि दुरुस्तीआधी घरातल्या माणसाला त्याचं गाव विचारणं हा त्यांचा धर्म. ऑगस्ट महिना, खोलीची भट्टी झालेली, भाडेकरू टॉवेलने मान पुसतोय, आणि साडू शिडीवर चढायच्या आधी विचारणार, "युवर व्हिलेज व्हेअर?" बहुतेक गोरे लोक एखाद्या शहराचं नाव सांगून मोकळे होत. साडूंचं तेवढ्यावर भागत नसे. "सिटी ओके. व्हिलेज?" गाव नाही असा माणूस असू शकतो हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. 'लपवतायत,' असंच ते म्हणत.

अशाच एका दुपारी जवळच्या अमेरिकन नौदलाच्या तळावर कामाला असलेल्या एका आडव्या बांध्याच्या माणसाने या प्रश्नाला पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. त्याने गाव सांगितलं, आपण क्रो असल्याचं सांगितलं, आईचं कूळ सांगितलं, मग बापाचं कूळ सांगितलं, आणि कोण कोणाचा कोण लागतो हे सांगता सांगता दोघेही फरशीवर मांडी घालून बसले. एसी संध्याकाळी दुरुस्त झाला. या गृहस्थांना आम्ही पुढे 'मोंटानावाले' म्हणू लागलो. त्याच इमारतीत तीन मजले वर एका शाळेत शिकवणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाई राहायच्या. त्या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांनी साडूंना गाव तर सांगितलंच, शिवाय उलट विचारलं, "आणि तुमचं?" साडू सांगत, "बत्तीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये उलट विचारणारी पहिली बाई!" त्या दिवशी त्यांनी गॅसचे पैसे लावले नाहीत.

तिथून अभ्यासाला सुरुवात झाली. एसीच्या फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर साडूंनी मधोमध रेघ मारली. डावीकडे क्रो, उजवीकडे ऑस्ट्रेलिया. एका घरात किती कुटुंबं? पाहुणा आला की आधी काय पुढे करतात? भाजी कुठून येते? जवळचा डॉक्टर किती लांब? आणि सगळ्यांत लाडका प्रश्न: माणूस मयताला गेला तर साहेब काय म्हणतो? हा प्रश्न ते दोघांनाही दर भेटीत विचारत, जणू मधल्या आठवड्यात साहेबाचं मत बदललं असेल.

शुक्रवारी मी रिफातल्या आमच्या घरून बायकोला घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेलो की ताटाआधी पुठ्ठा पुढे यायचा. मी एकदा सरळच म्हणालो, "दादा, एका माणसाने सांगितलं म्हणजे एका माणसाचं कळलं. जमातीचं नाही."

"साडूभाऊ, भात शिजला का बघायला तुम्ही अख्खं पातेलं चिवडता? एकच शीत दाबता ना?"

"शीत त्याच पातेल्यातलं असतं. ही दोन माणसं तर आपापलं पातेलं सोडून बहारीनला आलेली. ती शितं नव्हेत, बाहेर उडालेले दाणे."

यावर साडूंनी थोडा विचार केला आणि पुठ्ठ्याच्या तळाशी लिहिलं: 'सूचना – दाणे उडालेले आहेत.' माझी शंका त्यांनी अशी दप्तरी लावून टाकली.

मिळालेली माहिती ते घरात लागलीच अमलात आणत. जुन्या काळी क्रो लोकांत जावई सासूशी बोलत नसे, आणि तो अपमान नव्हे, मान समजला जाई, असं मोंटानावाल्यांनी सांगितलं. बाईंनी सांगितलं, आमच्याकडे अजूनही तसंच आहे. दोन्ही रकान्यांत एकच उत्तर आलेलं पाहून साडू हरखले. आता आमच्या दोघांच्या सासूबाई एकच. त्या कुडाळला असतात आणि दर शुक्रवारी व्हिडिओवर दोन्ही जावयांची हजेरी घेतात. त्या शुक्रवारी साडू मोबाइलसमोर हात जोडून, मान खाली घालून, गप्प बसून राहिले.

"गो, ह्यांच्या तोंडाक काय झाला? दात काढल्यानी की काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मान देतायत तुला," मेव्हणी म्हणाली.

"मान नको. गॅस सिलिंडरचा काय झाला ता सांग म्हणावा."

दुसऱ्या शुक्रवारीही मान चालूच राहिला तेव्हा सासूबाईंनी कुडाळच्या डॉक्टरची वेळ घेतली, आणि साडूंना बोलावं लागलं. क्रो लोकांत काही नातेवाइकांना थट्टा करायचा हक्कच असतो, माणूस चुकला की चारचौघांत टोमणे मारून त्याला वळणावर आणणं हे त्यांचं कर्तव्य असतं, असंही त्यांना कळलं होतं. ते पद त्यांनी मला दिलं. मी म्हणालो, "पद आजवर बिनपगारी चालवतच होतो, फक्त ऑर्डर हातात नव्हती."

पण हा सगळा अभ्यास उगीच नव्हता, हे आम्हां सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. गावाला साडूंच्या भावकीची सामाईक जमीन आहे. कलमं, काजू, थोडी माडाची बाग, आणि खाली समुद्र. एका बड्या पार्टीला तिथे हॉटेल बांधायचं होतं. सातबाऱ्यावर नावं त्रेचाळीस. मी स्वतः दोनदा मोजली. मुंबईची, पुण्याची, सुरतेची, दोन बहारीनची. बेचाळीस जणांचा होकार आला होता. अडलं होतं ते साडूंपाशी. त्यांचा सख्खा चुलतभाऊ हमद टाउनला राहतो, एका कंपनीची बस चालवतो. मुलीच्या शिक्षणाला त्याला विक्रीचा आधार होता, त्यामुळे त्याची घाई खोटी नव्हती. तो दर आठवड्याला विचारायचा, "दादा, सही कधी?" आणि साडू सांगायचे, "अभ्यास होऊ दे." कारण क्रोंच्या जमिनीच्या फार पूर्वी वाटण्या झाल्या होत्या. वारसांमागून वारस चढत गेले आणि बरीचशी जमीन बाहेरच्यांच्या हातात गेली. बाईंच्या लोकांची जमीन सगळ्यांची मिळून, कोणालाच विकता येत नाही. म्हणजे विकलं तर काय होतं आणि न विकलं तर काय होतं, याची दोन जिवंत उत्तरं एकाच लिफ्टने ये-जा करत होती. आपली सही कुठल्या रकान्यात पडते, एवढंच साडूंना ठरवायचं होतं.

एकदा चुलतभावाने आम्हां दोघांना घरी बोलावलं. हमद टाउन म्हणजे चौकाचौकाला वाहतुकीचा गोल. गाडी साडू चालवत होते. त्याच्या घराकडे वळायच्या गोलाशी आलो तेव्हा ते क्रोंच्या कोळशाबद्दल सांगत होते. जमिनीखाली कोळसा आहे, पण मागणी घटली तशी पोरांची कामं गेली. मुद्दा संपला नव्हता, म्हणून त्यांनी गोलाला आणखी एक फेरी मारली. मग ऑस्ट्रेलियाच्या खाणी निघाल्या, आणखी फेरी. पाचव्या फेरीला मी म्हणालो, "दादा, वळा आता. चहा गार होतोय त्याचा."

"वळलो की तो कागद काढणार," साडू म्हणाले. सातव्या फेरीनंतर आम्ही सरळ जुफैरला परत आलो.

शेवटी मार्ग ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने काढला. "ह्या दोघांना एकदाच जेवायला बोलवा, हमद टाउनच्या भाऊंनाही बोलवा, आणि काय ते खलास करा. पुठ्ठे ठेवायला घरात जागा नाही मला." त्याप्रमाणे एका शुक्रवारी मोंटानावाले आले, बाई आल्या, आणि चुलतभाऊ मुखत्यारपत्राचा मसुदा घेऊन आला. रविवारी वकिलातीत साडूंनी त्यावर सही केली की काम झालं. कोंबडी-वडे झाले, सोलकढी झाली. मोंटानावाल्यांनी सोलकढीचा तिसरा पेला मागितला, त्याची नोंद डाव्या रकान्यात झाली. मग साडूंनी हात धुतले, सातबारा टेबलावर पसरला आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, विकू की नको?

मोंटानावाले हसले. "माझ्या आजीच्या तुकड्यावर इतकी नावं आहेत," ते म्हणाले, "की माझ्या वाट्यावर मी उभा राहिलो तर बायकोला दुसऱ्याच्या जमिनीत उभं राहावं लागेल. शेजारचा तुकडा मामाने विकला. वाईट माणूस नव्हता. त्याला ट्रक घ्यायचा होता. ट्रक कधीच मोडीत गेला. आता गावी गेलो की मुलं विचारतात, ही कोणाची गुरं?"

"ऐकलंस?" साडू भावाकडे वळले.

"थांबा हो," भाऊ म्हणाला. "मॅडमना विचारा. ज्यांना विकताच येत नाही त्यांचं बरं चाललंय काय?"

बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "सगळं बरं नाही. आमची जमीन कोणी नेऊ शकत नाही, हे खरं. पण त्याच जमिनीवर घर बांधायला माझ्या भावाला कर्ज मिळत नाही. घरं सरकारची, एकेका घरात तीन-तीन कुटुंबं. पावसाळ्यात रस्ता बंद, भाजी बोटीने येते, आणि ती सोन्याच्या भावाने."

भावाने टेबलावर थाप मारली. "झालं! एक एक बरोबरी. आता करा सही, यल्ला!"

साडू माझ्याकडे पाहू लागले. थट्टेखोर नातेवाईक म्हणून टोमणा मारायची पाळी माझी होती. तेवढ्यात बाईंनी तो सातबारा आपल्याकडे ओढला. त्यावरची नावं त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी बोट खाली खाली फिरवत नेलं आणि विचारलं, "आता तिथे कोण राहतं?"

"कोणी नाही," भाऊ म्हणाला.

"काकी राहते," साडू म्हणाले.

काकी म्हणजे त्यांच्या धाकट्या काकांची बायको. मूलबाळ नाही. बागेतल्या कौलारू मांगरात एकटी राहते, कलमांना शेण घालते, वानरं हाकलते. काका वारले तेव्हा साडूंना सुट्टी मिळाली नव्हती. मयताला गेले नाहीत. नंतर कागदावरून काकांचं नाव कमी झालं, पण वारस म्हणून काकीचं लावायचं कोणाला सुचलं नाही.

बाईंनी विचारलं, "यात तिचं नाव कुठलं?"

आम्ही तिघांनी कागद पाहिला. मीही पाहिला. दोनदा मोजलेली त्रेचाळीस नावं मी तिसऱ्यांदा मोजली. मालाची मोजदाद करताना रॅकवर काय आहे ते यादीशी ताडून पाहायचं, हा माझ्या कामाचा पहिला नियम. इथे मी नुसती यादीच मोजत बसलो होतो. तिथे प्रत्यक्ष राहणारं माणूस एकच, आणि त्याचंच नाव कागदावर नव्हतं.

साडूंनी तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकरवर ठेवला. "काकी, जमीन इकूची म्हणतत सगळे. तू काय म्हणतस?"

पलीकडून आवाज आला, "इतक्या वर्सांत माका पयल्यांदाच कोणी इचारल्यान."

"काय करू, सांग."

"मी आसय तवसर रवांदे. माझ्या मागसून काय ता करा." आणि लगेच, "जेवलास?"

साडूंनी फोन ठेवला आणि मसुदा घडी घालून भावाच्या हातात दिला. "आधी तिचं नाव लागू दे. मग ती असेपर्यंत माझी सही नाही." भाऊ चपला घालताना एवढंच म्हणाला, "दादा, माझ्या पोरीचं काय ते पण एखाद्या रकान्यात लिहा." तो टोमणा होता, पण त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

काकीचं नाव लागायला वर्ष गेलं. तलाठ्याकडे कागद पाठवणं, दाखले मागवणं हे मी केलं. चूक माझीही होतीच. भावकीतल्या बहुतेकांनी साडूंशी बोलणं टाकलं. गणपतीत फोन आले नाहीत. चुलतभावाच्या मुलीची पहिली फी साडूंनी आपल्या निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतून पाठवली. ती त्याने घेतली, पण येणं-जाणं पुन्हा सुरू झालं नाही. दरम्यान मोंटानावाल्यांची बदली झाली, बाईंचा करार संपला, आणि साडूंचा व्हिसाही.

आता ते गावीच असतात, मांगराला लागून एक खोली काढली आहे. ताईंना वानरांचा त्रास होतो, पण करमतं म्हणतात. शुक्रवारी दुपारी मला त्यांचा फोन येतो. पूर्वीसारखं ते बोलत नाहीत. "मजेत ना, साडूभाऊ?" एवढं विचारतात आणि मग फोन तसाच पायरीवर ठेवून देतात. काकी कोणावर तरी ओरडत असते, कुठेतरी झावळ पडते, खाली समुद्र चालू असतो. माझी बायको विचारते, "काय म्हणतायत?" मी म्हणतो, "काही नाही." आणि फोन कानाला लावून बसून राहतो.