शून्य बायकांचं शास्त्र

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आकडेमोडीच्या कामाला लागले. हृदयरोग कुणाला होतो आणि का, हे शोधायचं होतं. वय, रक्तदाब, साखर, विडी-सिगारेट. एकेका कारणाचा झटक्याशी किती संबंध, ते मी कॅलक्युलेटरवर काढायचे. रुग्ण सगळे पुरुष. मी विचारलं तर मोठे डॉक्टर म्हणाले, “बायकांना हा आजार क्वचित होतो. नमुना बिघडेल.”

एका रविवारी आई बांगडे साफ करता करता भिंतीला टेकून खालीच बसली. घामाने चिंब, जबडा दुखतोय. गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. “गॅस आहे. सोडा द्या.”

“कार्डिओग्राम काढायला हवा,” मी म्हटलं.

“अहो, बायकांना कुठे...”

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी रिक्षा थांबवली होती. आई वाटभर कुरकुरत होती, “माका काय झाला नाय गो!” झटकाच होता. वेळेवर पोचलो म्हणून वाचली.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, सिगारेट, विडी? ती नाही म्हणाली. खरंच होतं ते. पण लहानपणापासून ती दिवसातून तीनदा हिरड्यांना मिशरी लावायची, आणि भाजलेली असली तरी ती तंबाखूच. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका लावायच्या. आमच्या पाहणीतही मिशरीचा प्रश्न नव्हता.

कामावर परतले तेव्हा अहवाल छपाईला निघाला होता. मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, हे निष्कर्ष फक्त पुरुषांपुरते आहेत, एवढं तरी लिहा.”

“एका आईवरून शास्त्र बनत नाही.”

“बरोबर आहे. शून्य बायकांवरूनही बनत नाही.”

ते तापले. “मग तुझं नाव काढू यातून?”

“काढा.”

काढलं. नोकरीही गेली. घरी येऊन आईला सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. “बरा केलंस,” म्हणाली, “आता जेव.”

पुढे मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी विद्यार्थिनींना घेऊन भांडुपच्या चाळींमध्ये बायकांच्या हृदयरोगाच्या पाहणीला निघाले. एका घराच्या दारातच नवरा आडवा आला. “बायकांना काय विचारायचंय? मला विचारा ना.”

“तुम्ही जरा बाजूला व्हा,” मी म्हटलं, आणि आत जाऊन त्याच्या बायकोसमोर बसले.