रास अल खोरच्या गोदामातील जपानी अंक

करीमभाई गेल्याचे मला त्यांची मुलगी रुखसाना हिने दापोलीहून फोन करून कळवले. त्या वेळी मी एका ड्रायव्हरचा अर्ज लिहीत होतो आणि वाक्य अर्ध्यावर आले होते. ते पूर्ण करून, पूर्णविराम देऊन मगच मी खुर्ची मागे सारली. अर्धे सोडलेले वाक्य पुन्हा तसे जुळत नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. आखातात, रास अल खोर येथील एका टायपिंग सेंटरमध्ये मी अर्ज लिहितो. शाळा नववीत सुटली. तथापि चांगले पदवीधर इंजिनियरदेखील आपले म्हणणे मांडण्यासाठी माझ्या टेबलासमोर बसलेले आहेत, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. करीमभाई मला ‘मास्तर’ म्हणत. त्या संबोधनास मी कधी हरकत घेतली नाही.

आमच्या सेंटरच्या मागच्या गल्लीत जपानहून येणाऱ्या जुन्या मालाचे एक गोदाम होते. इंजिने, फ्रिज, सायकली, कपाटे असा सर्व माल कंटेनरने येई. करीमभाई तेथे स्टोअरकीपर होते. इंजिने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधल्या फटींत जपानी लोक रद्दीचे गठ्ठे कोंबून पाठवत, आणि त्या गठ्ठ्यांत जुनी मासिके असत. त्यांपैकी व्हिडिओ गेमची मासिके करीमभाईंनी वेगळी काढण्यास सुरुवात केली. काही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होती, काहींना ऑइल लागलेले, काहींची पाने चिकटलेली. ती पुसून, इंजिनाच्याच वजनाखाली सपाट करून ते ऑफिसच्या स्कॅनरवर एकेक पान उतरवून घेत आणि अशा मासिकांचे शौकीन जगभरातून जेथे जमतात त्या एका वेबसाइटवर ठेवत. अंकाची शिवण कापली तर काम चौपट वेगाने होते, असे त्यांना कोणीतरी कळवले होते. त्यांनी एकही अंक कापला नाही. मी पहिल्यांदा ते सर्व पाहिले तेव्हा विचारले, “तुम्हाला हे वाचता येतं?”

“एक अक्षर नाही.”

“मग कशासाठी हा उद्योग?”

“मास्तर, ज्याला वाचता येतं त्याच्याकडे हा अंक नाहीये ना...”

पुढे त्यांनी मला प्रत्येक अंकाच्या शेवटी येणारी दोन पाने दाखवली. वाचक मुलांनी पाठवलेली चित्रे त्या पानांवर छापलेली असत. राक्षस, विमाने, तलवारी घेतलेली मांजरे, आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव. एका जपानी गृहस्थाचा त्यांना निरोप आला होता. नऊ वर्षांचा असताना पाठवलेले आपले चित्र त्याला करीमभाईंच्या पानांत सापडले होते. घरातील अंक कधीच रद्दीत गेला होता आणि चित्र छापून आले होते यावर त्याच्या बायकोचा विश्वास नव्हता. तो निरोप करीमभाईंनी ऑफिसातल्या एकाकडून वाचून घेऊन, छापून खिशात ठेवला होता. “ही सगळी पोरं आता बापये झाली असतील,” ते म्हणत, “कुणाकुणाला बघायचं असेल.” माझ्या मते त्यांचा सर्व खटाटोप त्या दोन पानांसाठीच होता.

२००८ साल संपता संपता मंदीमुळे कंटेनर येणे थांबले. आमच्या सेंटरमध्ये नव्या व्हिसासाठी होणारी गर्दी व्हिसा रद्द करण्यासाठी होऊ लागली. माणसे तीच, रांगही तेवढीच. फक्त कोणी मोठ्याने बोलत नसे. पुढल्या वर्षाच्या आरंभी गोदामाच्या मालकांनी, ज्यांना सर्व कामगार ‘अरबाब’ म्हणत, महिन्याभरात गोदाम रिकामे करायचे ठरवले. गोदाम रिकामे होईल त्याच दिवशी करीमभाईंचा व्हिसा रद्द होणार होता आणि शिल्लक रद्दी एका कागदवाल्याकडे जाणार होती. एकसष्ट अंकांची नक्कल बाकी होती. माल मोजून देण्याचे काम सांभाळून दिवसाला एक अंक, हा त्यांचा वेग. ते अंक सरळ घरी न्यावेत, असे मी सुचवले. ते रागावले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी विषय सोडला. “कंटेनरमधून उतरला तो सगळा अरबाबचा माल,” ते म्हणाले. “स्टोअरकीपरने एक कागद घरी नेला, की खलास. मग तो कसला स्टोअरकीपर?”

मग त्यांनी अर्ज करायचे ठरवले. गोदाम आणि नोकरी आणखी एक महिना चालू ठेवावी, एवढीच विनंती. “कारण काय लिहू?” मी विचारले.

“आहे तेच. पुस्तकांची नक्कल बाकी आहे म्हणून.”

“करीमभाई, हे वाचून माणूस हसेल.”

“हसू दे की! हसला म्हणजे खूश आहे.”

“कारण डोळ्यांत पाणी आणणारं लागतं. ते माझ्यावर सोडा.”

त्यांनी ते माझ्यावर सोडले. त्या काळात माझ्याकडे तीन-चार ठरलेली कारणे असत आणि त्यांतील सर्वांत परिणामकारक कारण मी त्यांच्यासाठी योजले. वृद्ध आई अंथरुणास खिळून आहे, तिच्या उपचारासाठी एक महिन्याची नोकरी मिळाल्यास सदर अर्जदार आजन्म ऋणी राहील, असा तो मजकूर होता. इंग्रजी उत्तम साधले होते. करीमभाईंना इंग्रजी वाचता येत नसे आणि मी वाचून दाखवले नाही. तशी माझी पद्धत नव्हती. त्यांनी विश्वासाने सही केली.

पुढे जे घडले ते त्यांनीच मला सांगितले. अरबाबनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “करीम, तेरी माँ गुज़री तब छुट्टी तो मैंने ही दी थी ना? टिकट भी मैंने दिया था.” करीमभाईंना काय ते तेथेच समजले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. “ग़लती मेरी है, अरबाब,” एवढेच म्हणाले, आणि मग खरे कारण सांगितले. जपानी पुस्तके, पोरांची चित्रे, खिशातला तो निरोप, सर्व काही. अरबाब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि अर्ज घडी घालून परत दिला. “अब मैं कौन सी बात सच मानूँ?”

तो कागद करीमभाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. “मास्तर,” ते म्हणाले, “आई एकदा आजारी पडली होती बिचारी... तेवढं पुरे होतं.” मी काही खुलासा करू लागलो, तो त्यांनी ऐकला नाही. “ते जाऊ द्या. शुक्रवारी मोकळे आहात का? पानं उलटायला माणूस हवाय.”

मी चार शुक्रवार गेलो. जुम्म्याची नमाज आटोपून ते येत, तोवर मी पुढचे अंक लावून ठेवी. आमच्यात फारसे बोलणे होत नसे. एकदा मात्र, मी दोन पाने एकदम उलटली तेव्हा, ते म्हणाले, “यल्ला, चला मास्तर, हा काय सरकारी अर्ज नव्हे. इथे सगळी पानं लागतात.” बेचाळीस अंक झाले. शेवटच्या दिवशी कागदवाल्याचा ट्रक आला, तेव्हा उरलेले एकोणीस अंक करीमभाईंनी स्वतः मोजून चढवले आणि पावतीवर सही घेतली. त्या एकोणीस अंकांत कोणाकोणाची चित्रे होती हे आता कळण्याचा मार्ग नाही. आणखी एका महिन्यात ते सहज झाले असते, आणि तो महिना माझ्या अर्जामुळे गेला. हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

करीमभाई गावी परतले, त्यांनी छोटेसे दुकान टाकले. ईदला माझा फोन जाई, दिवाळीला त्यांचा येई. त्या अर्जाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी मात्र तेव्हापासून लिहिलेला प्रत्येक अर्ज सहीपूर्वी अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवतो. त्यामुळे कामास वेळ लागतो आणि रांगेतले लोक कुरकुरतात.

गेल्या आठवड्यात रुखसानाचा पुन्हा फोन आला. त्या वेबसाइटच्या मंडळींनी तिला पत्र पाठवले होते. करीमभाईंनी उतरवलेली पाने ते आता स्वच्छ करून ठेवणार आहेत. अनेक पानांच्या कोपऱ्यात माणसाची बोटे आली आहेत, ती पुसण्यास कुटुंबाची संमती असावी, अशी त्यांची विनंती होती. “काका, फार नीट विचारलंय हो त्यांनी,” ती म्हणाली. “पण मला नको वाटतंय. तुम्ही उत्तर लिहून द्याल?”

मी सेंटरच्या संगणकावर ती पाने उघडली. जाड अंकावर स्कॅनरचे झाकण बसत नसे, म्हणून वर येणारा कोपरा ते दोन बोटांनी काचेवर दाबून धरत. बोटे त्यांचीच होती. मधल्या बोटाचे नख इंजिनाखाली सापडून काळे पडलेले. मी कागद पुढे घेतला आणि तिला विचारले, “कारण काय लिहू?”

“मला बघायचीत. एवढंच.”

मी तेवढेच लिहिले आणि तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “हो, असंच.” पत्र गेले. एक पान अजून माझ्यासमोर उघडे आहे. त्यावर कोणा मुलाने काढलेला तीन डोळ्यांचा हत्ती आहे, खाली डाव्या कोपऱ्यात त्याचे नाव आहे आणि तेथेच करीमभाईंची दोन बोटे आहेत. नाव झाकले जाऊ नये म्हणून त्यांतले एक जरासे वाकवलेले आहे.