रस्त्यावर बसवलेला देव

आमच्या पाड्यात माझ्याएवढा देवाचा माणूस दुसरा नाही. ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, नाहीतर कोणाला कळली नसती.

आमचा देव म्हणजे मोरपिसांची जुडी. टोपलीत तांदळावर उभी, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मी थोरला, म्हणून देव माझ्याकडे. आमच्या गंजाडच्या बाजूला मुंबईच्या गाड्या वाढल्या, लोक चिकू घ्यायला थांबायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की देवाला पण जरा हवा पाहिजे. रस्त्याकडेला सिमेंटचा ओटा केला, वर पत्रा, खाली टाइल्स, बाथरूमला लावतात तसल्या. देव तिकडे नेऊन बसवला. मी गळ्यात माळ घातली, ताडी सोडली. म्हणजे गंजाडात सोडली. प्यायला कैनाडला जायचो.

बायको पुढे नारळ विकायची. लोक ते देवापुढे ठेवून गेले की मी मागच्या बाजूने परत तिच्याकडे आणून द्यायचो. एका नारळाशी तर माझी ओळख झाली होती, सारखा दर्शनाला यायचा. दुपारी पत्रा तापायचा, उदबत्तीचा धूर वर चढायचा, गाडी गेली की पिसं हलायची. पेंगता पेंगता मला वाटायचं, देव माझ्याकडे बघून मान डोलावतोय.

धाकटा भाऊ काही डोलत नव्हता. तो शेताच्या कडेला वेगळा राहायला गेला, आणि आय त्याच्याबरोबर गेली. मी लोकांना सांगितलं, आयला शेतातली हवा मानवते.

मग भात कापून झालं. आमच्यात नवा तांदूळ पहिला देवापुढे, मग माणसाच्या तोंडात. त्याआधी कोणी दाणा खात नाही. भाऊ विचारायला आला. आय तापाने पडली होती, जुना तांदूळ संपला होता, नाचणीची आंबील तिच्या घशाखाली उतरत नव्हती. नव्या तांदळाची पेज पाहिजे म्हणत होती. देव एक दिवस घरी दे, आजच करून घेऊ, असं भावाचं म्हणणं. पण रविवारी मुंबईचे लोक येणार होते, आमचा सण बघायला, फोटो काढायला. मीच बोलावले होते. भावाला सांगितलं, "देवाला रविवारच लागतो."

तो म्हणाला, "दादा, देवाला वार कधीपासून कळायला लागले?"

तो गेला आणि मी तलासरीच्या बाजारात गेलो. तिथे नव्या भाताचे पोहे मिळत होते, पोटभर खाल्ले. आपल्या शेतातले नाहीत, चालतं, असं मी मला समजावलं. मी लवकर समजतो.

येताना आयकडे वळलो. मनात होतं की त्यांनी चोरून पेज केलीच असेल, म्हणजे मला देवाधर्माचे दोन शब्द सुनावता येतील. संध्याकाळचं धुकं कापलेल्या शेतावर उतरत होतं, झाडं जमीन सोडून वर उभी राहिल्यासारखी दिसत होती. भावाच्या घरात नवे तांदूळ उखळात सडून ठेवलेले, त्यांचा गोडसर वास सगळीकडे. चुलीवर पाणी उकळत होतं, नुसतंच पाणी. आय भिंतीला टेकून तांदळाकडे बघत बसली होती, ओठ सुकलेले. देवाच्या आधी नको म्हणते, ऐकतच नाही, असं भाऊ सांगत होता.

माझ्या दातात पोहा अडकला होता. तो जिभेने काढायचा धीर झाला नाही.

मी तसाच रस्त्याकडे गेलो. ओट्यावरून देव उचलला आणि धुक्यातून परत निघालो. पाय कुठे पडतायत ते दिसत नव्हतं. पिसं कानाला लागत होती, हळू काहीतरी सांगितल्यासारखी. उदबत्तीपेक्षा त्यांना डिझेलचा वास जास्त येत होता.

भावाने देव नव्या तांदळावर उभा केला, पानावर पहिली मूठ ठेवली. मग उकळत्या पाण्यात तांदूळ पडले. आयने पेजेचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. सगळं घर शांत, वाफेने भरलेलं. मला भरून आलं. वाटलं, हे सगळं मीच केलं. पुढे सरकून म्हणालो, "आय, बघ, मी देवाला घेऊन आलो."

तिने डोळे उघडले नाहीत.

"आम्ही देवाला बोलवलेलं," ती म्हणाली. "तू कशाला आलास?"