मे महिन्यातली पाहणी
गाळाचा वास आला की इंदूरबाहेरचा तो आटलेला तलाव आठवतो. तिथे कॉलनी व्हायची होती आणि परवानगीआधीची पक्ष्यांची पाहणी माझ्याकडे होती. "सरजी, सारस तो बारिश में आते हैं, तेव्हाच घरटं करतात. मेमध्ये काय दिसणार?" माझी तरुण सहकारी म्हणाली. मला ते ठाऊक होतं. "मग सारसांना निरोप धाड, पाहणी मेमध्येच आहे म्हणावं," मी हसलो. 'सारस आढळले नाहीत' या अहवालावर तिने सही केली नाही. तिची नोकरी गेली, मला बढती मिळाली. पावसाळ्यात तिचा फोन आला, "सर, ट्रक मुरूम टाकतायत. घरट्यात अंडी आहेत. आप बोलोगे तो रुकेंगे." मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. आज म्हातारपणी लिहून ठेवतो, मीटिंग नव्हती. मी घरी जेवत होतो, आणि फोन ठेवून ताकही मागून घेतलं.