भाडं म्हणून एक खोडी

औरंगाबादेत माझ्या आतेभावाइतका निरुपयोगी माणूस नाही आणि त्याच्याइतका लाडका माणूसही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात, हा मला समाजरचनेतला दोष वाटतो. मी हे रागानं लिहितोय असं कुणाला वाटलं तर बरोबर वाटलं. ज्यानं जन्मात एक पत्रक वाटलं नाही, मोर्चात चार पावलं टाकली नाहीत, कुठल्याही प्रश्नावर ज्याचं 'बघू की, होईल' यापलीकडं मत नाही, तो औरंगपुऱ्याच्या गल्लीतून निघाला की दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर येतात, रिक्षावाले रिक्षा थांबवतात आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या गालाला हात लावतात. मी त्याच गल्लीत सकाळपासून उन्हात उभा राहून पत्रकं वाटतो. लोक ती घेतात, दुमडतात आणि पुढच्या गाडीवर जाऊन त्यातच शेंगदाणे बांधून घेतात.

त्याचं दुकान मोटारपंपांच्या सुट्या भागांचं. कन्नडकडचे शेतकरी एसटीच्या टपावर पंप टाकून आणतात आणि त्याच्या फळीवर ठेवतात. हा पंपाकडं न बघता आधी कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची सून माहेरी का बसली, याची चौकशी करतो. मग चहा. मग पंप खोलतो, आणि खोलल्यावर आत मुंगळ्यांची रांग दिसली तर ती कुठं जाते ते बघत बसतो. एकदा असाच एकाचा पंप खोलून ठेवून हा समोरच्या दुकानातल्या पोपटाला शिट्टी शिकवायला गेला. संध्याकाळी शेतकरी आला तर पंप उताणा तसाच. मी असतो तर या बेजबाबदारपणावर तिथंच सुनावलं असतं. तो शेतकरी मात्र पोपटाची शिट्टी ऐकत हसत बसला, आणि दुसऱ्या दिवशी पंप न्यायला आला तेव्हा फळीवर वांग्यांची पाटी ठेवून गेला. मला आजवर कुणी एक वांगं दिलेलं नाही.

पण याचं खरं भांडवल म्हणजे लहानपणी केलेल्या खोड्या. माझ्या आई-वडिलांच्या लग्नात हा सात वर्षांचा होता. वऱ्हाडाबरोबर नवरीच्या गावी गेला, आणि मंडळी जेवायला बसल्यावर मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या साऱ्या वहाणा यानं एकेक करून विहिरीत टाकल्या. विचारलं तर म्हणाला, चामडं पोहतं का ते बघत होतो. चामडं थोडा वेळ पोहलं. वधूपक्षानं केलं असतं तर निदान भांडण झालं असतं. हा तर वरपक्षाचाच पोरगा. माझे वडील मुंडावळ्या बांधून, अनवाणी, ढेकळांतून ठेचकाळत आपल्या बायकोला घेऊन घरी आले. शिक्षा म्हणून याची चड्डी काढून याला पुढच्या सामानाच्या बैलगाडीत उभं केलं होतं. हे तो स्वतः सांगतो, आणि वर म्हणतो, 'नवरदेवाला कुणी बघितलंच नाय, सगळं गाव मलाच बघत होतं.' आमच्या घरी आई-वडिलांच्या लग्नाची गोष्ट म्हणजे ही गोष्ट. आई आजही पदर तोंडाला लावून हसते. मी शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवून आणली तेव्हा तिनं ती पुसली आणि कपाटावर ठेवली, संपलं.

आणि मग ती मोटार. पोलीस ॲक्शननंतर जहागिऱ्या गेल्या, मागोमाग चांदीची भांडी गेली, आणि एका म्हाताऱ्या जहागीरदारांकडं अखेर ही विलायती मोटार तेवढी उरली. त्यांना बागेतल्या विहिरीसाठी पंप हवा होता. यानं पंप दिला आणि मोटार आणली. किल्ली देताना म्हातारा म्हणाला होता, 'मियाँ, सब बटनां एकदम नक्को दबाओ.' कुठलं बटन कशाचं, हे विचारायच्या आत ते लेकीकडं हैदराबादला निघून गेले. मोटारीच्या फळीवर हस्तिदंती खटके ओळीनं बसवलेले, आणि त्यांच्यावरची अक्षरं निजामाच्या राज्यातच कुणाच्यातरी अंगठ्यानं पुसलेली. शहरात जाणते मिस्त्री होते. दाखवायला काय हरकत होती? पण यानं दाखवलं नाही. म्हणाला, सगळं आजच कळलं तर उद्या काय करायचं?

मग शोध लागत गेले. एक खटका ओढला तर दाराच्या खांबातून वीतभर लांबीचा तांबडा हात फटकन बाहेर आला आणि शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याची टोपी उडवून परत आत गेला. वळायची खूण देणारा हात तो, हे पुढं कळलं. एक मूठ फिरवली तर समोरची काच खालून उघडली आणि आतल्या सगळ्यांनी पैठण गेटाची धूळ खाल्ली. एक दोरी ओढली तर मागच्या काचेवर जाळीचा पडदा आला, आणि आत जनाना असेल या समजुतीनं चौकातल्या हवालदारानं बाकीची वाहनं थांबवून यालाच वाट दिली. एक खटका दाबला की थोड्या वेळानं तापून लाल होऊन वर यायचा. तो विडी पेटवण्यासाठी, हे पोरासोरांनाही कळलं असतं. याला वाटलं शिक्का आहे. तो यानं माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर उमटवून बघितला. आमच्या मागण्यांच्या मधोमध पैशाएवढं भोक पडलं, आणि मी संतापलो तर म्हणाला, 'सुध्या, आता लोक भोकातून तरी बघतील.' शेवटी एकच खटका उरला. तो ओढला तर काहीच व्हायचं नाही. त्याचं नाव 'मुका'.

या मोटारीला भाडं होतं. जो बसेल त्यानं एक खटका स्वतःच्या हातानं ओढायचा आणि आपली लहानपणची एक खोडी सांगायची. तीही लाज वाटेल अशी. साधी चिंच चोरल्याची सांगितली तर हा मोटार थांबवून म्हणायचा, उतरा, पायी या. एका निवृत्त फौजदारांनी कोंबडी चोरून सदऱ्यात लपवल्याचं आणि तिनं पंगतीत अंडं घातल्याचं सांगितलं. एका मुख्याध्यापिकाबाईंनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्या उतरल्या तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा हातात होता. लोक रांगेनं बसायचे. मी कधी बसलो नाही. ही सरंजामी करमणूक आहे, मला असल्या मोटारीत बसणं तत्त्वात बसत नाही, असं मी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. माझ्याकडं भाडंच नव्हतं. मी पहिल्या नंबरानं पास होणारा, पाढे न चुकणारा, सांगितल्या जागी बसून राहणारा मुलगा. माझ्या बालपणात सांगण्यासारखं काही झालेलंच नाही.

एका उन्हाळ्यात मी शहराबाहेरच्या गारखेड्यात काम करत होतो. तिकडं नवी घरं झाली होती, नळाचे खांब उभे राहिले होते, तोट्या बसल्या होत्या, आणि तोट्यांना पाणी नव्हतं. बायका दूरच्या मळ्यातल्या विहिरीवरून हंडे आणायच्या. मी सभा घेतल्या, घोषणा लिहिल्या, पाणीखात्याच्या साहेबांच्या दारात पुन्हापुन्हा निवेदनं ठेवली. साहेब म्हणायचे, कागदावर तर पाणी पोचलेलं आहे. एकदा येऊन बघा म्हटलं की जीप नादुरुस्त असायची. मला गारखेड्याला पाणी हवं होतं, हे खरं. ते माझ्यामुळं आलं असं गारखेड्यानं म्हणावं, हेही मला तितकंच हवं होतं. सभेला मात्र पाच-सात बायका यायच्या, आणि भाषण संपलं की विचारायच्या, तुमचे ते मोटारवाले दादा का नाय आले?

अशात साहेबांच्या घरचा पंप बिघडला आणि तो घेऊन साहेब स्वतः औरंगपुऱ्यात आले. मी समोरच्या फूटपाथावर होतो. साहेबांनी मोटार बघितली, तिच्याभोवती फेरी मारली. माझा आतेभाऊ त्यांना म्हणाला, 'बसा की. गारखेड्याला एक चक्कर मारून येऊ.' एवढंच. माझी निवेदनं ज्यांना खुर्चीतून हलवू शकली नाहीत, ते साहेब टुणकन आत बसले. मी सायकल काढली आणि मागून निघालो. भर दुपारी, खड्ड्यांतून, ती मोटार माझ्या सायकलपेक्षा फार वेगानं जात नव्हती, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी भाड्यापोटी मुका ओढला. काही झालं नाही. मग त्यांनी शाळेच्या रांजणात बेडूक सोडल्याचं आणि हेडमास्तरांनी त्याच रांजणातलं पाणी साऱ्या वर्गादेखत त्यांना पाजल्याचं सांगितलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या साहेबांशी मी इतक्या वेळा बोललो होतो, आणि त्यांना हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

गारखेड्याच्या पहिल्या ओळीत पोचता पोचता मोटारीच्या नाकातून वाफ निघायला लागली, आणि ती थांबली. साहेबांचा बेत काचेतूनच बघून परत फिरायचा होता. आता उतरणं भाग होतं. माझा आतेभाऊ इंजिनाच्या पाण्याचं टोपण उघडायच्या खटपटीत, म्हणून साहेबच डबा घेऊन कोपऱ्यावरच्या घराशी गेले आणि मोटारीसाठी पाणी मागितलं. त्या घरातल्या मावशी माझ्या सभेला कधी आल्या नव्हत्या. त्यांनी साहेबांना नीट बघून घेतलं.

'तुम्हाला प्यायला तांब्याभर देते,' त्या म्हणाल्या. 'मोटारीला नाय देणार.'

साहेब पुढच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडं प्यायला देत होते, मोटारीला कुणी देत नव्हतं. शेवटी घाम पुसत ते रिकामा डबा घेऊन मावशींच्याच ओट्यावर येऊन बसले आणि विचारलं, 'इथं पाणी येतं तरी कधी?'

'ते तुम्हीच सांगा की,' मावशी म्हणाल्या.

साहेबांनी उठून समोरची तोटी फिरवून बघितली आणि ते कोरड्या हातानं परत ओट्यावर बसले. मी पत्रक काढायला खिशात हात घातला होता. तो तसाच राहिला.

मी मोटारीच्या तोंडाशी उभा होतो म्हणून मला एक दिसलं. पुढच्या जाळीमागच्या पत्र्याच्या पट्ट्या, खिडकीच्या झडपांसारख्या, घट्ट मिटलेल्या होत्या. मी आतेभावाला मुका आत ढकलायला सांगितला. पट्ट्या उघडल्या. थंड मुलखात इंजिन गारठू नये म्हणून वारा अडवायची ती झडप, आणि आम्ही ती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लावून फिरत होतो. खटका ओढायला सगळे आत बसायचे. समोर उभं राहून बघायची पाळी माझ्याखेरीज कुणावर आली नव्हती. वाटलं, आता तरी हा खजील होईल. त्यानं मला मिठी मारली. 'सुध्यानं मुक्याला बोलतं केलं,' असं तो घरोघर सांगत सुटला. ऐकलं कुणी नाही. सगळे ओट्यावरच्या साहेबांकडं बघत होते.

पाऊस लागायच्या आत गारखेड्याच्या तोट्यांना पाणी आलं. बायकांनी हळदीकुंकवाची ताटं आणली, आणि कुंकू लावलं ते मोटारीला. हार घातला तो माझ्या आतेभावाला. मी कडेला होतो. मावशींनी मला पेढा दिला आणि विचारलं, 'तुम्ही यांचे कोण?'

मी काही बोलायच्या आत आतेभावानं माझं मनगट धरलं आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. चहूबाजूंनी माणसं काचांना चिकटली. त्यांनी भाडं मागितलं. माझ्यासारख्या वक्त्याला त्या गर्दीपुढं एक वाक्य सुचेना. मी न हसणारा माणूस म्हणून सगळ्यांना ठाऊक होतोच; आता मी मुळातच कोरडा आहे हे त्यांना कळणार होतं. तेवढ्यात माझा आतेभाऊ म्हणाला, 'ह्यो काय सांगंल. लाजतो. मी सांगतो.' आणि त्यानं सांगितलं, की चार वर्षांचा असताना मी मामाचं नवंकोरं धोतर फाडून त्याचा झेंडा केला, गोठ्यातल्या सगळ्या म्हशी सोडल्या आणि त्यांचा मोर्चा काढला. म्हशींना चारा वेळेवर मिळालाच पाहिजे म्हणून. मोर्चा गावभर फिरला आणि अखेर डबक्यात बसला. म्हशी बाहेर येईनात, त्यांच्याबरोबर पुढारीही येईना, आणि आईनं त्याला कान धरून उघडाच घरी आणला.

लोक हसले. मावशींनी खिडकीतून हात घालून माझा गाल ओढला. त्या दिवसापासून गारखेड्यात मला चहाला बोलावणं येतं, आणि सभेला बायकाही येतात. लांबून कुणीतरी ओरडतं, म्हशींचा पुढारी आला. मी निषेध करत नाही.

त्या म्हशींच्या गोष्टीतलं काही घडलेलं नाही. आमच्या दारात म्हैस कधी नव्हतीच. आईला विचारलं तर ती म्हणाली, 'असंल बाबा, तू लहान होतास.' हे ती माझ्यासाठी म्हणाली की त्याच्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यानं दुकान आवरलं आणि तो कन्नडला शेतावर राहायला गेला. औरंगपुऱ्यात लोक अजून त्याच्या बंद फळीपाशी थांबतात आणि मला विचारतात, दादा कधी येणार? माझी खुशाली कुणी विचारत नाही, आणि मला याचा राग येतो, अजूनही. दिवाळीनंतर एसटीनं त्याच्याकडं गेलो होतो. मोटार गोठ्याच्या कडेला उभी आहे, ती आता चालू होत नाही, आत कोंबड्या बसतात. एका सभेसाठी त्याला चार दिवस शहरात चल म्हणायला गेलो होतो. ते राहूनच गेलं. ऊन उतरेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो, आणि निघताना मी विचारलं, दादा, माझी आणखी एखादी खोडी आहे का रे?

त्यानं कोंबड्या हुसकल्या, सीट झटकली आणि दार धरून उभा राहिला.

'लई हायेत,' तो म्हणाला. 'बस.'

औरंगाबादची शेवटची एसटी निघून गेल्याचा आवाज मी आत बसून ऐकला.