अक्काचं वल्लं उत्तर

भुतांवर माझा विश्वास नाही, माझ्या आत्तेबहिणीवर मात्र आहे. आणि त्या वर्षी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फारसा फरक उरला नव्हता. ती माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. बारावी सायन्सला एकदा नापास झाल्यावर आतोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला गारगोटीहून आमच्याकडे पाठवली ती एका अटीवर. या खेपेला इंजिनिअरिंगला लागण्याइतके मार्क पडले तर पुढे शिकायचं, नाहीतर गारगोटीला परत येऊन चुलत्याच्या खताच्या दुकानात बसायचं. अक्का आली, तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी आली आणि पेटीत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला एक नादकाटा, इंग्रजीतला ट्यूनिंग फोर्क, आला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तो तिला निरोपाची भेट म्हणून दिला होता. मुलीला निघताना कुणी साडी देतं, कुणी ओटी भरतं. अक्काच्या वाट्याला हे आलं, आणि तिला त्याचा केवढा अभिमान.

अभ्यास ती आमच्याबरोबर करत नसे, भिंतीबरोबर करत असे. टळटळीत दुपारी घर सामसूम झालं की मधल्या खोलीतल्या भिंतीला नाक टेकवून ती प्रकाशाचं अपवर्तन कुजबुजत राही. नुसती कुजबुजली असती तर चाललं असतं. मध्येच ती थांबायची, ऐकायची, मान डोलवायची आणि "व्हय, ते बी खरंच" म्हणून पुढे चालू करायची. दोन महिन्यांत तिच्या तोंडाच्या उंचीवर, चुन्याच्या त्या पांढऱ्या भिंतीला बशीएवढा ओला डाग पडला. शेजारच्या काकू एकदा विरजण मागायला आल्या, दारातून हे दृश्य पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या लिंबू घेऊन आल्या. अक्काने निमूटपणे उतरवून घेतलं आणि काकूंची पाठ वळल्यावर त्या लिंबाची कोनीय गती किती असेल, याची भिंतीकडे चौकशी केली.

नादकाट्याचं आणखी वेगळं. तो चपलेच्या रबरावर आपटायचा आणि त्याचा दांडा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर टेकवायचा. की झालं, मांडणीवरचे डबे, वाट्या, तांबे सगळे एकसुरात गुणगुणू लागत. आई कणीक मळता मळता ओरडायची, "बये, माझी भांडी नादाला लावू नकोस." आईने एकदा तो काटा पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. त्या दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना मांडणी गुणगुणली. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं बाबा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ट्रक मान्य केला, पण ट्रकचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. अक्का मात्र हातातला घास तसाच धरून मांडणीकडे बघत होती, दारात ओळखीचं कुणीतरी आल्यासारखी.

अक्का आणि मी त्या वर्षी बारावीच्या एकाच क्लासला जात होतो. तिथे फिजिक्सची चाचणी झाली की एक रीत होती. गणितांची उत्तरं जो तो प्रश्नपत्रिकेच्या मागे उतरवून आणायचा आणि खाली सायकली लावायच्या जागेत कोंडाळं करून ती ताडून बघायची. डॉक्टरांचा मुलगा, आमचा पहिला नंबर, तो ती मोठ्याने वाचायचा, आणि बाकीचे आपापल्या नशिबाचा अंदाज घ्यायचे. पहिल्याच चाचणीनंतर अक्काने आपली कंपासपेटी त्याच्या तोंडासमोर आडवी धरली.

"थांब की. पेपर अजून वल्ला हाय."

मग तिने समजावून सांगितलं. नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाय दिला की ठसा उठतो का नाही? उत्तराचंही तसंच. तपासून होईपर्यंत ते वल्लं असतं, तिकडे गठ्ठ्यात वाळत पडलेलं असतं. इकडे कुणी बोललं की तिकडे ठसा उठतो. डॉक्टरांचा मुलगा हसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उणे वीस सेंटिमीटर." अक्का हळूच म्हणाली, "गेलं."

पेपर परत मिळाले. त्याच्या उत्तरपत्रिकेत वीस होतं, उणे नव्हतं. प्रश्नपत्रिकेच्या मागे त्याच्याच अक्षरात उणे होतं. उत्तरपत्रिकेत मात्र विसाच्या आधी रेघेपुरती कोरी जागा होती, खोडल्याची खूण नाही, काही नाही. त्याने ती जागा आम्हाला बोट लावून बघायला दिली. पुढच्या चाचणीनंतर मी घरी, न्हाणीघराचं दार लावून, एकट्यानेच माझं एक उत्तर मोठ्याने म्हणून पाहिलं. माझा पेपर आला तेव्हा नेमक्या त्याच उत्तरावर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली होती. सर म्हणाले, "माझ्या तांब्यातलं पाणी सांडलं असेल."

त्यानंतर आमच्या क्लासमध्ये जे सुरू झालं ते कोल्हापुरात पूर्वी कधी झालं नसेल. चाचणी सुटायची आणि तो सगळा पोरवडा तोंड मिटून जिना उतरायचा. सायकलींची कुलपं तेवढी वाजायची. सर गॅलरीत येऊन वरून बघायचे आणि काळजीने विचारायचे, "पेपर अवघड गेला काय रे?" खालून कुणी वरसुद्धा बघायचं नाही.

बोर्डाच्या परीक्षेत फिजिक्सच्या पेपरला ताणलेल्या तारेचं एक गणित आलं. मी ते सोडवलं आणि लगेच त्याचा संशय आला. मान वर केली तर पुढच्या रांगेत अक्का बाकाला कान लावून बसली होती. पर्यवेक्षिका तिच्याजवळ आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. अक्का हसली, उठून नीट बसली आणि लिहू लागली.

फाटकाबाहेर आतोबा उभे होते. गारगोटीच्या बाजारात एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा माणूस, सकाळच्या पहिल्या एसटीने आलेला. भोवती उत्तरांचा नुसता बाजार भरला होता. कुणीतरी तारेच्या गणिताचं उत्तर ओरडून सांगितलं. माझं वेगळं होतं. अक्काने दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि डोळे गच्च मिटले होते. आतोबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिने कानांतली बोटं काढल्यावर ते म्हणाले, "जेवलीस काय?"

आम्ही मिसळ खायला गेलो. अक्का हात धुवायला उठली तेव्हा आतोबा माझ्याकडे झुकले. त्यांना एवढं हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"गेल्या साली ह्याच पेपराला हसत भायेर आलती. चार पोरी म्हणल्या, तुझं उत्तर चुकलं. फुडच्या पेपराला नुसती बसून आली, एक अक्षर लिवलं न्हाय. मार्कलिष्टा आल्या तवा सरास्नी इचारल्यावर कळलं, हिचंच बरोबर हुतं. त्या चौघींचं चुकल्यालं."

"मग आज विचारलं का नाहीत?"

"कसं इचारू, बाळ्या? वल्लं हाय न्हवं अजून."

दोन दिवसांनी केमिस्ट्रीचा पेपर होता. अक्काने पुरवणी मागून घेतली, हे मी माझ्या बाकावरून पाहिलं आणि माझं स्वतःचं लिहायचं क्षणभर विसरलो.

तिला मार्क पडले, इंजिनिअरिंगला प्रवेशही मिळाला. खताच्या दुकानात चुलत्याने दुसरा माणूस ठेवला. निकालाच्या दिवशी मी तिला म्हटलं, आता तरी सांग, त्या तारेचं तुझं उत्तर काय आलं होतं? माझं सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"असू दे की. एक तरी वल्लं ऱ्हाऊ दे."

आता ती फार दूर असते, आमची दुपार असते तेव्हा तिकडे उजाडत असतं. आतोबा गेले. त्या खोलीची भिंत आम्ही कितीदा रंगवली. पावसाळा नसतानाही बशीएवढा तो डाग पुन्हा वर येतो. रंगारी म्हणतो, आत पाण्याचा पाइप फुटला असेल. त्या भिंतीत पाइप नाही. तिचा फोन आला की मी त्या डागावर तळहात ठेवून उभा राहतो. गार लागतो. ते उत्तर ओठांपर्यंत येतं. तिकडे तीही कान लावून बसल्यासारखी असते. मला वाटतं, बोललो तर ती मार्चची दुपार, ते फाटक आणि फाटकाबाहेर उभे असलेले आतोबा, सगळं एकदम वाळून जाईल.

मग मी विचारतो, "जेवलीस काय?"